गोबर गॅस बांधायचाय? मग आधी आठ दिवस शेण मोजा

गावाकडं फिरताना बंद पडलेले गोबर गॅस बरेच दिसतात. घुमटावर गवत वाढलेलं, आउटलेटच्या म्हणजे पचलेलं शेण बाहेर पडायच्या टाकीत पावसाचं पाणी साचलेलं, इनलेटच्या म्हणजे शेण आत सोडायच्या पाइपात कोणीतरी प्लास्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या. मालकाला विचारलं की एकच उत्तर मिळतं, "गॅसच येत नव्हता ओ." जरा खोलात जाऊन विचारलं की कळतं जनावरं दोन आणि प्लांट चार घनमीटरचा, म्हणजे रोज तेवढा गॅस देणारा, का तर शेजाऱ्यानं चारचा बांधला. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण बांधकाम चांगलं असतं, पैसे गेलेले असतात, फक्त त्या टाकीला पोटभर खायला मिळत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. ज्यांच्या गोठ्यात दोन-चार जनावरं आहेत आणि घरी गोबर गॅस करायचं मनात आहे त्यांच्यासाठी सुरवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, आमच्या घरी वडिलांच्या काळापासून हा आहे, आधी लोखंडी टोपीवाला होता आणि आता नऊ वर्षं झाली विटांच्या घुमटाचा दीनबंधू आहे.

पहिलं काम, विटा-सिमेंटची चौकशी नाही, शेण मोजायचं. एक ताणकाटा घ्या, घमेलं त्याला अडकवा आणि सलग आठ दिवस सकाळ-संध्याकाळ गोठ्यातलं शेण मोजून वहीत लिहा. पुस्तकी हिशोब असा की मोठी गाय दिवसाला साधारण १० किलो आणि म्हैस १५ किलोच्या आसपास शेण टाकते. पण जनावर दिवसभर रानात चरायला जात असेल तर निम्मं शेण रानातच पडतं, ते तुमच्या प्लांटला कधीच मिळणार नाही. आमच्या घरी अंदाजानं ७० किलो वाटलं होतं, मोजल्यावर ५२-५५ निघालं. अंदाजावर गेलो असतो तर तीन घनमीटरचा बांधून बसलो असतो. आणि थोडं शेण गोवऱ्यांना, सारवायला लागत असेल तर तेही आधीच वजा करा.

आता हिशोब. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ३५ ते ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे १ घनमीटर गॅसला रोज २५ किलो शेण, २ घनमीटरला ५० किलो, ३ ला ७५, ४ ला १००. एका माणसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला पाव घनमीटरच्या आसपास गॅस लागतो असं धरतात, म्हणजे ६-७ माणसांच्या घराला २ घनमीटरचा पुरतो. सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर १ घनमीटर गोबर गॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो एलपीजी, म्हणजे २ घनमीटरचा प्लांट पूर्ण क्षमतेनं चालला तर १४.२ किलोचा सिलिंडर १६-१७ दिवसांत वाचतो. थंडीत तेवढं होत नाही, ते पुढं सांगतो. शेण आणि गरज यात जे कमी असेल त्यावर प्लांटचं माप ठरवा. शेण ४० किलो असेल आणि माणसं दहा असतील तरी दीड-दोनच्या वर जाऊ नका. मोठी टाकी अर्धी उपाशी ठेवण्यापेक्षा लहान टाकी रोज भरलेली कधीही चांगली.

आत नेमकं काय होतं हे एकदा समजून घेतलं की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात. टाकीत हवा नसते, आणि हवा नसली की जगणारे जिवाणू शेण पचवतात. आधी एका जातीचे जिवाणू शेणातला चोथा फोडून साध्या पदार्थात आणतात, मग दुसरे त्याचं आम्ल करतात, आणि शेवटी मिथेन करणारे जिवाणू त्या आम्लापासून गॅस बनवतात. हे शेवटचे फार नाजूक. त्यांना हवा चालत नाही, थंडी चालत नाही, ३५ अंशांच्या आसपास ऊब असली की खूश असतात, आणि आम्ल करणाऱ्यांपेक्षा ते सावकाश वाढतात. त्यामुळं तुम्ही एकदम दुप्पट शेण ओतलं की आम्ल भराभर तयार होतं, मिथेनवाल्यांना ते उरकत नाही, टाकी आंबते आणि गॅस बंद. गाईला एका दिवशी उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी दुप्पट पेंड घातली तर जे होईल तेच. तयार होणाऱ्या गॅसमध्ये ५५ ते ६० टक्के मिथेन असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड, ज्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो.

आपल्याकडं हे काही नवं नाही बरं का. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून दिव्यासाठी वापरला होता. पुढं जशभाई पटेलांनी लोखंडी टोपीचा प्लांट तयार केला, तो खादी ग्रामोद्योग आयोगानं साठीच्या दशकात देशभर नेला, म्हणून जुनी माणसं अजून त्याला खादीवाला गॅसच म्हणतात. आणि आपल्या देहूचे डॉ. मापुसकर, पद्मश्री मिळालेले, त्यांनी तर संडास जोडलेल्या गॅसवर आयुष्य घालवलं. संडास जोडणं हा विषय खूप लोकांना नकोसा वाटतो, पण पेटलेल्या गॅसला ना वास येतो ना विटाळ होतो. फक्त त्या संडासात फिनेल आणि ॲसिड टाकायचं नाही एवढं पाळता येत असेल तरच जोडा.

कुठला प्लांट घ्यायचा

टोपीवाल्यात गॅस वर तरंगणाऱ्या लोखंडी टोपीखाली साठतो. त्याचा फायदा असा की गॅस किती शिल्लक आहे ते टोपी किती वर आलीय त्यावरून लांबून दिसतं आणि दाब शेवटपर्यंत सारखा राहतो. तोटा एकच पण मोठा, लोखंड गंजतं. वडील दरवर्षी उन्हाळ्यात टोपी रंगवायचे, दोन वर्षं राहून गेलं आणि वरच्या बाजूला सुईएवढी भोकं पडली, मग जोड लावत लावत शेवटी टोपीच भंगारात गेली. आता फायबरच्या टोप्या मिळतात, त्या गंजत नाहीत पण महाग पडतात.

दीनबंधू १९८४ साली आला. जमिनीखाली पूर्ण विटांचा घुमट, लोखंड जवळजवळ नाही, हलणारा भाग एकही नाही, म्हणून देखभाल कमी. त्यात गॅस घुमटात साठतो आणि साठताना आतला काला म्हणजे शेण-पाण्याचं मिश्रण खाली दाबून आउटलेटच्या टाकीत ढकलतो, गॅस वापरला की तो काला परत आत येतो. त्यामुळं सकाळी पहिल्यांदा शेगडी पेटवली की ज्योत जोरात असते आणि शेवटी मंदावते. घरात याची सवय व्हायला आठवडा लागतो. माझं मत विचाराल तर मुरमाड जमीन आणि चांगला गवंडी असेल तर डोळे झाकून दीनबंधू करा.

पण काळ्या मातीत जपून. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घुमटाला तडे जातात. तिथं खड्डा मोठा घेऊन बुडाला आणि चारी बाजूंनी मुरूम-वाळू भरून मगच बांधावं लागतं, नाहीतर तयार फायबरचा घ्यावा. कोकणात वेगळीच भानगड, पावसाळ्यात पाणी वर येतं आणि रिकामी टाकी त्या पाण्याच्या दाबानं उचलली जाते किंवा तडकते, म्हणून उन्हाळ्यात बांधून पावसाआधी भरून टाकायची. प्लास्टिकचे बलून म्हणजे पिशवीवाले प्लांटही मिळतात, स्वस्त आणि दोन दिवसांत उभे राहतात, पण उंदीर, काटा, ऊन आणि म्हशीचं शिंग या चार गोष्टींपासून त्याला राखावं लागतं. जागा भाड्याची असेल तर तोच बरा.

जागा

गोठ्याजवळ असावा का स्वयंपाकघराजवळ, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. गोठ्याजवळ. कारण शेण रोज उचलायचंय आणि गॅस आपला आपण पाइपातून जातो. तरी पाइप जेवढा लहान तेवढं बरं, २० मीटरच्या आत असला तर उत्तमच. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा बघा, जवळ मोठं झाड नको, पिंपळ-वडाची मुळं तर नकोच नको, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर किमान १५ मीटर लांब असावी. आउटलेटपुढं दोन कंपोस्ट खड्ड्यांची जागा आधीच सोडून ठेवा, नंतर सुचून उपयोग नाही.

खड्डा काढायच्या आधी पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन या. केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात २ ते ४ घनमीटरच्या प्लांटला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपये आणि संडास जोडला तर वर १,६०० असा दर होता. दर आणि अटी बदलत राहतात, आज काय चालू आहे ते तिथंच विचारा, पण आधी बांधून मग कागद घेऊन जाऊ नका, त्यात बऱ्याच जणांचे पैसे अडकलेत.

बांधकाम

मापं गवंड्याच्या डोक्यातली नको, मंजूर नकाशावरची घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, २ घनमीटरच्या दीनबंधूला आतून साधारण साडेआठ फूट व्यास, विटा हजाराच्या आसपास आणि सिमेंट १४-१५ पोती लागतात. विटा पक्क्या भाजलेल्या, दोन एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजायला हव्यात, आणि लावायच्या आधी पाण्यात भिजवून. वाळू चाळून, माती अजिबात नको. तळ बशीसारखा खोलगट करून काँक्रीट ओततात, मधोमध खुंटी रोवून तिला दोरी बांधतात आणि त्या दोरीच्या मापानं एकेक वीट बसवत घुमट वर आणतात. दोरी ढिली झाली की घुमटाचा गोल बिघडतो आणि बिघडलेल्या गोलाला पुढं तडा जातो, म्हणून घुमट चढत असताना स्वतः तिथं थांबा. बाहेरून माती सगळीकडून सारखी भरत, पाणी मारून ठोकत वर यायचं, एकाच बाजूनं भरली तर भिंत आत ढकलली जाते. शेवटी घुमटावर किमान फूटभर माती हवीच, ती आतल्या दाबाला वजन देते आणि थंडीत पांघरूण होते.

सगळ्यात महत्त्वाचं काय तर आतला गिलावा. विटांचा घुमट पाणी धरतो पण गॅस नाही धरत, गॅस गिलावा धरतो. दोन-तीन थर, प्रत्येक थर घोटून गुळगुळीत, वर सिमेंटच्या पाण्याचा हात आणि मग काळा रंग. आमच्या वेळी गवंड्याला दुसऱ्या साइटवर जायची घाई होती, दोन दिवस पाणी मारलं आणि सोडून दिलं, मीही उसाच्या तोडीत अडकलो होतो. महिन्याभरानं घुमटाच्या पाइपाभोवती साबणाचा फेस लावला तर बुडबुडे यायला लागले, आणि आत केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या. भरलेली टाकी पूर्ण रिकामी करून परत गिलावा करावा लागला, दोन महिने गेले. म्हणून म्हणतो, दहा-बारा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम दुसऱ्यावर सोपवू नका.

शेण भरायच्या आधी पाण्याची चाचणी घ्या. टाकी पाण्यानं भरून काही दिवस तशीच ठेवा म्हणजे विटा-सिमेंट काय प्यायचं ते पिऊन घेतील, मग पातळीला खूण करा. दुसऱ्या दिवशी दोन-चार सेंमी उतरली तर चालतं, उतरतच राहिली तर गळती आहे. गॅसच्या बाजूची चाचणी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून, तिच्यात रंगीत पाणी घालून दाब मोजून करतात. गवंड्याचा हिशोब या चाचणीनंतरच पूर्ण करा.

पाइपलाइनचा उतार हा विषय सगळेजण हसण्यावारी नेतात. गॅसबरोबर वाफ येते, पाइपात थंड होऊन तिचं पाणी होतं आणि पाइपाला जिथं पोट आलं असेल तिथं ते साचतं. मग शेगडीवरची ज्योत भक-भक करत उड्या मारते आणि मधेच विझते. बायका म्हणतात गॅस संपला, पण प्लांट गच्च भरलेला असतो. १०० फुटाला किमान फूटभर उतार द्या आणि सगळ्यात खालच्या ठिकाणी पाणी काढायचा कॉक बसवा, आठवड्यातून एकदा उघडायचा, बस.

शेगडी गोबर गॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं जेट फार बारीक असतं कारण तो गॅस दाबानं येतो आणि ताकदीनं जास्त असतो, आपला गॅस तिच्यात नीट जळत नाही.

पहिली भरणी

२ घनमीटरच्या टाकीला पहिल्यांदा साधारण दोन टन शेण लागतं आणि तेवढंच पाणी. शेजारपाजारून आधी बोलून ठेवा. आठ-पंधरा दिवसांचं साठवलेलं चालतं पण वाळलेलं, उन्हात तापलेलं नको. जवळपास चालू प्लांट असेल तर तिथली स्लरी, म्हणजे पचून बाहेर पडलेला काला, आणून एकूण भरण्याच्या १० टक्के घाला, ते विरजण आहे. दह्याला जसं विरजण लागतं तसंच.

भरताना घुमटावरचा मेन कॉक उघडा ठेवा म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. काला इनलेट आणि आउटलेटच्या तोंडांच्या वर आला, आत बाहेरची हवा शिरायची वाट बंद झाली, की कॉक बंद करा. मग थांबायचं. रोज शेण टाकायचा मोह आवरा, गॅस जळायला लागेपर्यंत नवीन काहीच टाकू नका. उन्हाळ्यात पंधरा दिवस, थंडीत महिना किंवा जास्तही लागतो. सुरवातीचा गॅस पेटत नाही कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि उरलेली हवा असते, तो दोन-तीन वेळा बाहेर सोडून द्यायचा.

आणि इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. घुमटाच्या पाइपाच्या तोंडाशी काडी ओढून बघू नका. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की त्याचा स्फोट होतो आणि पहिल्या दिवसांत आत नेमकं तसलंच मिश्रण असू शकतं. पहिली काडी शेगडीवरच. आमच्याकडं अठराव्या दिवशी संध्याकाळी आईनं काडी लावली, आधी नुसतं फुस्स, मग दुसऱ्या काडीला निळी कडी धरली, आवाज अगदी बारीक, प्रायमस स्टोव्हच्या मानानं काहीच नाही. तिनं त्यावर पहिल्यांदा दूध ठेवलं आणि ते ऊतू जाऊ दिलं.

रोजचं काम

रोज १५-२० मिनिटं. सकाळी ५० किलो शेण मिक्सिंग टाकीत टाकायचं, इनलेटच्या तोंडाला बूच लावलेलं असतं, तेवढंच म्हणजे ५० लिटर पाणी घालायचं आणि हातानं किंवा फावड्यानं कालवायचं. हातानं कालवलेलं मला जास्त पसंत आहे कारण बोटांना गुठळी, वैरणीची काडी, खडा, सगळं लागतं. चांगला शेणकाला कसा ओळखायचा? ताकाच्या कढीसारखा ओघळायला हवा, हाताला पातळ थर चिकटून राहायला हवा. वर तरंगलेल्या काड्या काढून टाका, नाहीतर आत जाऊन त्यांची जाड साय धरते आणि गॅस त्या सायीखाली अडकतो. मग पाच मिनिटं थांबायचं, माती आणि वाळू तळाशी बसते. बूच हळूच काढायचं, काला आत जातो, तळाचा गाळ मात्र आत जाऊ न देता बाहेर फेकायचा. गोठ्याला मातीची जमीन असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, चिमूट चिमूट माती रोज गेली तर चार-पाच वर्षांत टाकीच्या पोटात चांगला ढीग होतो आणि तेवढी जागा कायमची गेली.

गोमूत्र थोडं गेलं तर चालतं, उलट चांगलंच, पण गोठा धुतलेलं सगळं पाणी सोडू नका, काला पातळ होऊन न पचताच बाहेर पडतो. काला आत साधारण ४० दिवस राहावा असा हिशोब असतो, पाणी दुप्पट झालं की तो कमी दिवसांतच बाहेर येतो. फिनेल, साबण, डिटर्जंट, ॲसिड आत नको. आजारी जनावराला अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालू असेल तर त्या दिवसांचं शेण उकिरड्यावर टाका, औषध जिवाणू मारतं आणि त्याला गाईच्या पोटातले कोण आणि टाकीतले कोण हे कळत नाही. कोंबडीखत टाकायचं असेल तर थोडं, शेणात मिसळून आणि पाणी जास्त घालून, कारण त्यात नत्र खूप असतं, एकदम टाकलं तर अमोनिया वाढून टाकी बसते. लेंडीखत भिजवून फोडल्याशिवाय टाकू नका, लेंड्या तरंगत राहतात.

थंडीत डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी होतोच. पाणी सकाळी गार हौदातलं न घेता आदल्या दिवशी काळ्या ड्रममध्ये उन्हात ठेवलेलं घ्या, काला दुपारी टाका, घुमटावर उसाचं पाचट नाहीतर भाताचा पेंढा जाड अंथरा. एवढ्यानं आमच्याकडं सकाळचा चहा-भाकरी आणि दुपारचा स्वयंपाक निभतो, रात्रीचं थोडं चुलीवर जातं.

गॅस अचानक कमी झाला तर घाबरून जास्त शेण ओतू नका, हीच चूक सगळे करतात. आधी पाइपातलं पाणी काढा. मग सगळ्या जोडांना आणि कॉकला साबणाचा फेस लावून बघा. ते ठीक असेल तर इनलेट आणि आउटलेटमधून लांब बांबू आत घालून दहा-पंधरा वेळा हलवा म्हणजे साय फुटेल. तरीही नाही, आणि बाहेर येणाऱ्या स्लरीला आंबूस घाण वास येतोय, तर टाकी आंबलीय. नीट पचलेल्या स्लरीला शेणाचाही वास फारसा येत नाही. लिटमस कागद लावून बघा, निळा कागद लाल झाला तर चार-आठ दिवस शेण बंद ठेवा, थोडी चुन्याची निवळी द्या, मग अर्ध्या मापानं परत सुरू करा आणि दोन आठवड्यांत पूर्ण मापावर या. ज्योत पिवळी आणि काजळी धरत असेल तर ते टाकीचं दुखणं नाही, शेगडीची हवेची खिडकी उघडी करा. ज्योत बर्नरवरून वर उचलली जात असेल तर उलट, हवा कमी करा.

घरात गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा. सिलिंडरचा गॅस जड असतो, खाली जमिनीवर पसरतो. हा हलका, वर छताला जमतो, म्हणून स्वयंपाकघरात आढ्याजवळ झरोका हवाच.

स्लरी

गॅस म्हणजे वरकड आहे, खरी कमाई स्लरी, असं मी गावात सगळ्यांना सांगत असतो. शेणातलं नत्र, स्फुरद, पालाश गॅसमध्ये जात नाही, ते सगळं स्लरीत राहतं. वाळलेल्या वजनावर नत्र दीड टक्क्याच्या आसपास असतं, उघड्या उकिरड्यावर दीड-दोन महिने ऊन खाल्लेल्या शेणखतात त्यापेक्षा कितीतरी कमी उरतं. तणाचं बी बरंचसं मरतं, माश्या बसत नाहीत. रोज साधारण १०० लिटर बाहेर येते. उसाला, केळीला पाटाच्या पाण्याबरोबर सरळ सोडता येते. रान रिकामं नसेल तेव्हा पहिल्या खड्ड्यात पाचट, पालापाचोळा, वाळलेला भुसा यांचा थर द्या आणि त्यावर स्लरी सोडा, तो भरला की दुसरा, दुसरा भरेपर्यंत पहिला मुरतो. नुसती स्लरी उन्हात वाळवत ठेवू नका, अमोनिया होऊन नत्र उडून जातं. खड्ड्यांवर सावली करा, साधं शेवग्याचं झाड किंवा पेंढ्याचं छप्पर पुरतं. आम्ही आल्याच्या बेण्याला लावणीआधी स्लरीचं भरलेलं कंपोस्ट सरीत टाकतो, आणि रासायनिक खताची पोती पूर्वीपेक्षा कमी लागतात.

टाकी साफ करताना

नीट चालवला तर बरीच वर्षं रिकामा करायची वेळ येत नाही. पण ती वेळ आली तर आत कोणीही उतरायचं नाही. काला उपसून टाकला तरी आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड तळाशी राहिलेला असतो, तो जास्त असला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. मग वरचा भाऊ त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागं बाप उतरतो. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका, अग्निशमनवाल्यांना बोलवा, वरून ब्लोअर लावा, दोर टाका. कोंबडी सोडून बघणं, कंदील सोडून बघणं यावर जीव सोपवू नका, कंदील तर स्फोटच घडवेल. इनलेट आणि आउटलेटच्या टाक्यांवर कायमची फरशी टाका, वासरू आणि खेळणारं पोर दोन्ही त्यात पडू शकतात.

उपसायचं काम स्लरी पंप किंवा मैल्याच्या टँकरनं बाहेरूनच करून घ्या, तळाचा गाळ पाण्याचा फवारा मारून सैल करून ओढतात. उपसताना जुन्या स्लरीचे दोन-तीन ड्रम झाकून बाजूला ठेवा. परत भरताना तेच विरजण आधी घालायचं, उन्हाळ्याचे दिवस असतील तर मग दहा-बारा दिवसांत शेगडी पेटते.